पुठ्ठ्याचा खिल्लारी बैल : रिकाम्या खोक्यापासून भिंतीपर्यंत

पुठ्ठ्याचं काही करायचं म्हटलं की आपल्याकडे सुरुवात बहुधा गणपतीच्या मखरापासून होते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि घरोघरचे हौशी हात पुठ्ठ्याकडे वळले. मखर म्हणजे खांब, कमानी, पायऱ्या. सगळं सरळ आणि चपटं, त्यामुळे पहिल्याच वर्षी जमून जातं. त्याच उत्साहात पुढच्या वर्षी कुणी मोर किंवा हत्ती करायला घेतो आणि गाडी अडते. पुठ्ठा हवा तिथे वाकत नाही, नको तिथे मोडतो, जोड सुटतात आणि शेवटी सगळ्यावर सोनेरी रंग फासून वेळ मारून न्यावी लागते.

हा लेख तिथे अडलेल्यांसाठी आहे. उदाहरण घेतलं आहे भिंतीवर लावायच्या खिल्लारी बैलाच्या डोक्याचं. बैलच का, तर माणसाचा चेहरा जरा चुकला तरी बघणाऱ्याला लगेच खुपतो, बैलाचं तसं नाही. शिवाय खिल्लारीचा चेहरा लांबट आणि निमुळता, हाडं ठळक, शिंगं डौलदार. पुठ्ठ्याच्या शिल्पात लागणारी तिन्ही कामं यात येतात: आतला सांगाडा, थरावर थर चढवून केलेला भरीव भाग आणि वरून ताणलेली कातडी. ही तीन हाताखालून गेली की घोडा, हत्ती, मगर काहीही करा.

मापं पुढीलप्रमाणे धरली आहेत: शिंगांच्या बुडापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत ४० सेंमी, शिंगं साधारण ३८ सेंमी. कापाकापीला फारसा वेळ लागत नाही, सुकण्यात मात्र दिवस जातात. पोळ्याला भिंतीवर हवा असेल तर महिनाभर आधी हात घाला.

१. आधी पुठ्ठा ओळखा

सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे घाई करू नका.

खोक्याचा पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागद आणि त्यांच्या मध्ये नागमोडी कागद. याला बाजारात तीन प्लाय म्हणतात. दोन नागमोडी आणि तीन सपाट असले की पाच प्लाय, त्याच्या पुढे सात प्लाय. नागमोडी कागदामुळे आत एका दिशेनं जाणाऱ्या बारीक नळ्या तयार होतात. पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्याच्या कडा बघा. दोन कडांना नळ्यांची तोंडं दिसतील, दोन कडा बंद असतील.

आता एक हातभर तुकडा घ्या आणि दोन्ही दिशांनी वाकवून बघा. एका दिशेला तो गुंडाळी होईल, कारण घडी नळ्यांच्या बाजूनं पडते. दुसऱ्या दिशेला तो आधी हटून बसतो आणि मग एकदम कडकन मोडतो. वजन पेलायचं असेल तर नळ्यांच्या लांबीच्या दिशेनं पेलवा. गोलाई हवी असेल तर नळ्यांना आडवं वळवा. रद्दीवाल्याकडच्या कुठल्याही चांगल्या खोक्यात नळ्या उभ्या असतात, कारण वर दुसरी खोकी रचायची असतात. पुठ्ठ्याशी झटापट करणारे बहुतेक नवखे ही दिशा न बघताच कापतात. मी तर प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं बाण काढूनच तो पुढे सरकवतो. बाण नाही तर कात्री नाही, असा नियमच करून टाका.

पुठ्ठ्याची प्रतही बघा. कोपरा पूर्ण दुमडा आणि उघडा. बाहेरचा कागद घडीवर फाटला, भुसा दिसला, तर तो वारंवार पुनर्वापर झालेल्या आखूड धाग्यांचा पुठ्ठा. सांगाड्याला चालेल, कातडीला नाही. घडी पडूनही कागद अखंड राहिला तर तो तुकडा जपून ठेवा. परदेशातून आलेल्या यंत्रांची आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची खोकी बहुधा अशी निघतात.

कुठून आणायचा? वॉशिंग मशीन किंवा फ्रिजचं एक खोकं मिळालं तर सांगाडा आणि शिंगं त्यातच होतात. सायकलच्या दुकानातली खोकी लांबरुंद असतात. औषधाच्या दुकानातून तीन प्लायची स्वच्छ खोकी मिळतात. दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा. रद्दीवाला येऊन गेला की काही उरत नाही. किराणा, कांदे, मासळी यांची खोकी फुकट मिळाली तरी घेऊ नका. नळ्यांमध्ये झुरळांची अंडी असतात आणि वास जन्मभर जात नाही. पिना मारलेलं खोकं असेल तर पकडीनं सगळ्या पिना आधीच उपटा. कटरचं पातं पिनेवर आपटलं की तुकडा उडतो आणि तो कुठे जाईल हे सांगता येत नाही.

२. सामान

– पाच प्लायचा पुठ्ठा साधारण दीड चौरस मीटर, तीन प्लायचा एक चौरस मीटर. बाहेरून पांढरा कागद असलेली तीन प्लायची खोकी मिळाली तर उत्तम, कारण खिल्लारी पांढराच असतो.
– दोन कटर: १८ मिमी पात्याचा सरळ कापांसाठी, ९ मिमीचा वळणांसाठी. जादा पात्यांची एक डबी.
– स्टीलची फूटपट्टी. प्लॅस्टिकची नको, कटर तिच्यात शिरतो आणि मग बोटात.
– पांढरा गम, म्हणजे फेव्हिकॉल किंवा तसला कुठलाही, अर्धा किलो.
– हॉट ग्लू गन. असली तर काम वेगात होतं, नसली तरी अडत नाही.
– मास्किंग टेप, कपड्याचे चिमटे, टाचण्या.
– दाभण, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, बोटभर जाडीची बांबूची कामटी, सुतळी.
– मैदा आणि जुनं पातेलं, खळीसाठी.
– कापताना खाली घालायला जाड पुठ्ठा. कटिंग मॅट असेल तर तिची हौस करा.

पुण्यात हे सगळं अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी अशा एका फेरीत मिळतं, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास. गावाकडे असाल तर स्टेशनरीचं दुकान आणि हार्डवेअरचं दुकान पुरे.

मोठ्या स्टेशनरी दुकानात गेलात की कुणीतरी तुम्हाला माउंट बोर्ड किंवा सनबोर्ड घ्यायला सांगेल. घेऊ नका. माउंट बोर्ड भरीव असतो, त्यात नळ्या नाहीत, म्हणून वाकवण्याची सोयही नाही. आणि सनबोर्ड म्हणजे प्लॅस्टिकच झालं.

३. चित्र, माप आणि एक छोटा नमुना

बैलाचे दोन फोटो लागतात. एक अगदी बाजूनं, एक अगदी समोरून, दोन्ही बैलाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेले. उभ्या माणसानं वरून काढलेला फोटो कामाचा नाही. त्यात कपाळ मोठं आणि नाक बारकं दिसतं. जमलं तर स्वतः काढा. सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीच्या यात्रेत खिल्लारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथे मालक हौसेनं बैल उभा करून देतात, वर त्याचा खानदानी इतिहासही सांगतात.

फोटोवर चौकोन आखा आणि मोठ्या कागदावर त्याच प्रमाणात चित्र वाढवून घ्या. खिल्लारीत तीन गोष्टी नीट बघा. चेहरा डोळ्यांपासून खाली झपकन अरुंद होतो. शिंगं बुडाशी जवळजवळ उगवतात, आधी मागे जातात आणि मग कमानीसारखी वर येतात, टोकं अणकुचीदार. आणि गळ्याखालची पोळी आटोपशीर असते, गीर बैलासारखी लोंबत नाही. या तीन गोष्टी साधल्या की तपशील कमी असला तरी माणदेशी माणूस लांबून ओळखतो.

मग बिस्किटाच्या किंवा औषधाच्या पातळ खोक्यांतून हाताच्या पंजाएवढा नमुना करा. तो सुंदर व्हायची गरज नाही, टेप आणि कात्री एवढंच वापरा. पण यात जे कळतं ते चित्रात कळत नाही: मान भिंतीतून किती बाहेर यायला हवी, डोकं किती खाली झुकवायचं, शिंगं पंख्याला तर लागणार नाहीत. कागद-पुठ्ठ्याच्या अशा कच्च्या जोडणीला कमी लेखू नका. पिकासोनं १९१२ मध्ये पुठ्ठा, दोरा आणि तार यांची एक गिटार रचली आणि १९१४ मध्ये तीच कल्पना पत्र्यात केली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, मोमामध्ये, आज पत्र्याची गिटार आहे तशी पुठ्ठ्याचीही आहे.

४. सांगाडा

सांगाड्याचे तीन भाग: मधली कड, फासळ्या आणि मागची पाटी. सगळे पाच प्लायमधून.

मधली कड म्हणजे बैलाची बाजूनं दिसणारी पूर्ण रेषा: नाक, कपाळ, मान आणि मानेचा भिंतीला टेकणारा सरळ शेवट. ही कापताना नळ्या नाकापासून कपाळाकडे जाव्यात. उलट्या ठेवल्या तर महिन्याभरात नाक खाली झुकतं. मान जिथे वळते तिथे नळ्यांची दिशा आपोआप चुकते, म्हणून वळणावर, फासळ्यांच्या मधल्या जागेत, दोन्ही बाजूंनी एकेक तुकडा वेगळ्या दिशेनं लावून जाडी वाढवा. मानेच्या सरळ कडेला बोटभर लांबीच्या दोन जिभा ठेवा, त्या पाटीत शिरतील.

मागची पाटी अंड्याच्या आकाराची, ३४ सेंमी उंच, २६ सेंमी रुंद. दोन थर, एकाच्या नळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या. तिच्यात जिभांसाठी दोन खाचा.

फासळ्या म्हणजे समोरून घेतलेले काप. नाकाच्या शेंड्यापासून मोजत गेलं तर २ सेंमीवर पहिली, रुंदी ११. ९ सेंमीवर दुसरी, इथे नाकाड सगळ्यात अरुंद, रुंदी साडेनऊ. १७ वर गालाची, रुंदी १४. २६ वर डोळ्यांची, १८. आणि ३६ वर, शिंगांच्या बुडाजवळ, कपाळाची, १४. पुढे मानेच्या दोन, १८ आणि २२. ही मापं पायरीसाठी आहेत, तुमचा फोटो वेगळं सांगत असेल तर फोटोचं ऐका. प्रत्येक फासळीसाठी कागद मधोमध दुमडून अर्धाच आकार काढा आणि कापा, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी येते. हे नाही केलं तर एक गाल सुजलेला बैल तयार होतो.

आता खाचा. मधल्या कडेवर खाच वरून अर्ध्या उंचीपर्यंत, फासळीवर खालून अर्ध्या उंचीपर्यंत. दोन्ही एकमेकांत बसतात. खाच नेहमी नळ्यांना आडवी जायला हवी, नळ्यांच्या बाजूनं कापलेली खाच दाबताना पुढे उसवत जाते. याचाच अर्थ फासळ्यांच्या नळ्या डावीकडून उजवीकडे हव्यात. रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षा केसभर कमी ठेवा. पुठ्ठा सहा मिलिमीटरचा असेल तर खाच साडेपाचची. सैल खाच गमानं भरून निघत नाही, ती हलतच राहते.

कापण्याबद्दल थोडं. पाच प्लाय एका दमात कापायला जाऊ नका. पहिला हात हलका, फक्त वरचा कागद, दुसरा मधला, तिसरा खालपर्यंत. पातं बाहेर काढायचं ते दोन घरांपुरतंच. कापताना ‘खर्र’ असा आवाज येऊन कडेला भुसा दिसू लागला की पातं बोथट झालं, टोक मोडा. मोडलेली टोकं झाकणाच्या डबीत टाका, कचऱ्यात सुटी नकोत. कचरा उचलणाऱ्याचा हात त्याच पिशवीत जाणार असतो.

सगळं आधी कोरडंच जोडून बघा. पाटी भिंतीला टेकवून चार पावलं मागे या. या टप्प्यावर फासळी काढून लहान करणं पाच मिनिटांचं काम आहे. समाधान झालं की मगच पाटी सोडून बाकीच्या सांध्यांना गम लावा, पाटी शेवटी चिकटवायची. हॉट ग्लूनं पटकन धरून ठेवायचं आणि आतल्या कोपऱ्यांना पांढऱ्या गमाची रेघ ओढून रात्रभर सुकू द्यायचं, असं दोन्ही वापरलेलं बरं. नुसत्या हॉट ग्लूवर भरवसा ठेवू नका. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली तो मऊ पडतो आणि सांधे सरकतात.

५. शिंगं, कातडीच्या आधी

शिंगं शेवटी चिकटवायची वस्तू नाही. ती आत सांगाड्यात रुतलेली असली पाहिजेत, म्हणून डोकं मढवण्याआधी हे काम उरका.

कागदावर एका शिंगाचा आकार काढा: बुडाशी साडेचार सेंमी, पुढे निमुळता, टोकाला सुईसारखा, मागे जाऊन वर येणारा. एका शिंगाला पाच प्लायचे सात थर लागतात. मधला थर पूर्ण आकाराचा. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. नवख्यांचा एक हमखास गोंधळ इथे होतो: प्रत्येक थर सारख्याच अंतरानं आत घेतला जातो आणि शिंगाचा काप शंकरपाळ्यासारखा कोनदार येतो. गोलाई हवी असेल तर मधल्याला लागून असलेला थर जवळजवळ तेवढाच ठेवा, जेमतेम एक मिलिमीटर आत. त्याच्या बाहेरचा तीन-चार मिलिमीटर आत. शेवटचा आठ-नऊ. टोकाकडे बाहेरचे थर आखूड होत जातात, अगदी शेंड्याला फक्त मधला उरतो.

थर लावताना नळ्यांची दिशा एकाआड एक बदला. फ्रँक गेरी या वास्तुविशारदानं १९७० च्या सुमारास पुठ्ठ्याचं फर्निचर केलं. १९७२ ची त्याची ‘विगल’ नावाची नागमोडी खुर्ची माणसाचं वजन पेलते ती अशाच आडव्या-उभ्या थरांमुळे. आपल्या शिंगावर कुणी बसणार नाही, पण तासताना या रचनेचा फायदा होतो, एकाच दिशेचा भाग सालपटासारखा सुटत नाही.

मधल्या थरात बुडाकडून दहा सेंमीची चर कापा आणि तिच्यात बांबूची कामटी बसवा, आठ सेंमी बाहेर ठेवून. हीच कामटी पुढे कपाळाच्या आणि मानेच्या पहिल्या फासळीत भोक पाडून घुसवायची.

गम पातळ पसरा. जुन्या एटीएम कार्डानं ओढला की पापुद्र्याएवढा राहतो. भरपूर गम म्हणजे भरपूर मजबुती असं वाटतं खरं, पण सात थरांच्या पोटातलं पाणी बाहेर यायला वाट नसते. ते आठवडाभर ओलं राहतं आणि पावसाळ्यात काळी बुरशी धरतं. वर-खाली प्लॅस्टिकचा कागद घालून, फळी ठेवून, तिच्यावर दोन विटा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढा आणि उघड्यावर आणखी दोन दिवस.

मग तासकाम, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. नवं पातं, बुडाकडून टोकाकडे, हलक्या हातानं. पायऱ्या उतरत जातात आणि आतल्या नळ्या बारीक रेघांसारख्या वर येतात. खऱ्या शिंगाच्या बुडाशी वळ्या असतात, तशाच या वळ्या दिसतात, वेगळं काही कोरावं लागत नाही. कडा भुसभुशीत वाटल्या तर गमात तेवढंच पाणी घालून एक हात फिरवा, पूर्ण सुकू द्या, मग ८० नंबरचा आणि शेवटी १२० नंबरचा पॉलिश पेपर. तोंडाला रुमाल बांधा; ही धूळ बारीक असते आणि घशात बसते.

दोन्ही शिंगं बसवताना समोरून कुणाला तरी बघायला सांगा. एक शिंग जरा वर-खाली असलं तर हरकत नाही, बैलांचं असतंही तसं. पण एक मागे आणि एक पुढे झालं तर डोळ्याला पटत नाही.

६. कातडी

यासाठी तीन प्लायचा पुठ्ठा सोलून घ्यायचा. ओल्या स्पंजनं एका बाजूचा कागद भिजवा, चार-पाच मिनिटं थांबा, कोपऱ्यातून उचला. खोक्याच्या पुठ्ठ्यात चिकटवायला पिठूळ खळच वापरलेली असते, ती पाण्यानं सुटते आणि कागद अखंड निघून येतो. मागे उरतो एक सपाट कागद आणि त्याला चिकटलेल्या उघड्या लहरी. हा पुठ्ठा वाळला की हव्या त्या गोलाईवर फिरतो.

दोन ते तीन सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापा, पण लहरींना आडव्या, म्हणजे प्रत्येक पट्टीत नळ्या तिच्या रुंदीच्या दिशेनं येतील. अशी पट्टी एका फासळीवरून दुसऱ्या बाजूला सहज वळते. सुरुवात नाकापासून, वर मानेकडे. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धा सेंमी चढवून. सपाट बाजू बाहेर ठेवली तर गुळगुळीत चेहरा, लहरी बाहेर ठेवल्या तर घड्या पडलेली मान. मी चेहऱ्याला पहिली आणि मानेला दुसरी वापरतो. दोन्हींतला फरक दिव्याच्या उजेडात फार सुरेख दिसतो.

कपाळावर आणि गालाच्या हाडावर पट्टी दोन दिशांनी वळावी लागते आणि तिथे ती फुगते. शिंपी ब्लाउजला टक्स घेतो तसाच इथे घ्या: फुगलेल्या जागी इंग्रजी व्ही आकाराचा काप, कडा जवळ ओढून मागून कागदाची पट्टी लावा. फुगवटा दाबून गमानं जिरवायच्या भानगडीत पडू नका, सुकल्यावर तो परत वर येतोच. पट्टी सुकेपर्यंत टाचण्या आणि चिमटे. गम सुटेल म्हणून मास्किंग टेप लावलीत तर ती त्याच दिवशी काढा, उशीर झाला की पुठ्ठ्याची सालं घेऊन येते.

शिंगांच्या बुडाभोवतीची फट लगद्यानं बुजवा. रद्दीचा कागद भिजवून, पिळून, कुस्करून खळीत मळला की झालं. खळ करायची ती अशी: एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवा, एकूण पाच वाट्या पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर ढवळत राहा, पांढरा रंग जाऊन ती जरा पारदर्शक झाली की उतरवा. बुकबाइंडर मंडळी कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात. उपाय खात्रीचा आहे, पण मोरचूद विषारी असतो. त्याचं पातेलं आणि पळी परत स्वयंपाकात वापरायची नाही, आणि लहान मुलं सोबत काम करत असतील तर मोरचूद घालूच नका.

खळ कागदासाठी, जाड पुठ्ठ्याला नाही. आणखी एक: सपाट पुठ्ठ्यावर एकाच बाजूला ओला कागद चिकटवलात की सुकताना तो आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून वाकवतो. मागच्या बाजूलाही तसाच कागद लावला की ओढ सारखी होते. मागची पाटी वाकण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं.

७. डोळे, कान, नाक

डोळ्यांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. गोटी, मणी, बटण, काहीही लावू नका. पुठ्ठ्याच्या चेहऱ्यात काचेचा डोळा आला की तो बैल खेळण्याच्या दुकानातला वाटायला लागतो. डोळ्याच्या जागी बदामाच्या आकाराचं भोक ठेवा, आत काळा कागद, आणि सगळी मेहनत पापणीवर घ्या. सोललेला सपाट कागद ओलसर करून त्याची काडीएवढी गुंडाळी करा आणि वरच्या कडेला जाड, खालच्या कडेला बारीक अशी बसवा. वरची पापणी पुढच्या कोपऱ्यात किंचित खाली उतरू द्या. एवढ्यानं नजर येते.

कान तीन प्लायचे, लहान आणि टोकदार. नळ्या बुडापासून टोकाकडे, म्हणजे कान आपोआप पन्हळीसारखा वळतो. बुडाशी चिमटा काढून दुमडा आणि शिंगाच्या खाली, जरा मागे लावा. नाकपुड्या स्वल्पविरामासारख्या, दोन्ही बाहेरच्या बाजूला वळलेल्या. त्यांच्यातून सुतळीची वेसण ओवा. म्होरकीही सुतळीचीच वळा. शेंब्या, बेगड, माथोटी हा साज ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग; पोळ्याच्या दिवशी चढवा आणि नंतर उतरवून ठेवा, एवढंच म्हणेन.

८. रंग आणि पॉलिश

शक्यतो रंगवू नका. पांढऱ्या कागदाच्या खोक्याचा चेहरा आणि तपकिरी पुठ्ठ्याची शिंगं हीच खिल्लारीची रंगसंगती आहे. खोक्यावरची छपाई, बाण, ‘ही बाजू वर’ असली अक्षरं कुठे आली तर येऊ द्या, फार खुपत असेल तर तो तुकडा मानेच्या खालच्या अंगाला लावा.

संरक्षण मात्र हवं. पाण्यात कालवलेल्या गमाचा हात सगळीकडे मारायचा सल्ला मिळतो, पण पातळ कातडीवर पाणी गेलं की लहरी सैल होतात. त्यापेक्षा सुतार वापरतात तो चपडा, म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून पातळ करून ब्रशनं लावा. स्पिरिट उडून जातं, पुठ्ठा फुगत नाही. चपड्यानं रंग थोडा पिवळट होतो. शिंगांना तो शोभतो, पांढऱ्या चेहऱ्याला नाही. चेहऱ्यासाठी मॅट वॉर्निशचा स्प्रे वापरा. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवासमोरचा दिवा शांत झालेला, मगच हे काम.

९. पाऊस, कसर आणि भिंत

कितीही लेप दिले तरी पुठ्ठा पाण्याचा नाही. अमेरिकेतल्या जेम्स ग्रॅशो यांनी अनेक वर्षं खपून पुठ्ठ्याचं भलंमोठं कारंजं घडवलं आणि २०१२ मध्ये जाणूनबुजून संग्रहालयाबाहेर उघड्यावर ठेवलं. पावसानं ते विरघळत गेलं, आणि त्यांना तेच दाखवायचं होतं. तुमचा तसा बेत नसेल तर बैल बाल्कनीत, बाथरूमलगतच्या भिंतीवर किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. कोकणात आणि मुंबईत घराच्या आतली मधली भिंतच बरी.

मागच्या पाटीच्या कडेला उघडी राहिलेली नळ्यांची तोंडं कागदी पट्टीनं बंद करा, झुरळांना तीच वाट असते. पाटी लावून डोकं बंद करण्याआधी आत दोन-चार डांबरगोळ्या कापडात बांधून टाका.

तयार डोकं दीड-दोन किलोच्या आसपास भरतं. पाटीच्या आतल्या बाजूला लाकडाची एक पट्टी स्क्रूनं बसवा आणि तिला तारेचा मजबूत फास. नुसत्या पुठ्ठ्याला भोक पाडून टांगलंत तर काही महिन्यांत भोक ओघळतं. पाटीच्या खालच्या भागाला बाटलीच्या बुचाचे दोन तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि पाटीमध्ये हवा खेळती राहते. धूळ कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशनं झटका, नाकाकडून मानेकडे. आणि दिवाळीच्या साफसफाईला घरात जो कोणी ओलं फडकं घेऊन फिरणार असेल, त्याला आधीच सांगून ठेवा.